एस्टीमचं हेड पॅकिंग: आधी स्क्विश मोजा, मग जाडी ठरवा

गाडी एमपीएफआय मारुती एस्टीम, इंजिन जी१३बीबी. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, एक कॅम, टायमिंग बेल्ट. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात बिडाचे लायनर. मालक रावेरकडचा केळीबागायतदार, वय तिशीच्या आत. गाडी त्याची रोजची नाही, सुटीच्या दिवशी घाटात पळवायची आणि मोकळ्या मैदानावर ऑटोक्रॉसचा सराव करायचा एवढ्यासाठी ठेवलेली. जळगावच्या गॅरेजमध्ये ती टो होऊन आली तेव्हा मे महिना होता आणि बाहेर ४३ अंश.

तक्रार अशी: दोन वर्षांपूर्वी इंजिन दुसरीकडे बांधलेलं. तेव्हापासून चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ४००० आरपीएमला खडखड येते. डिस्ट्रिब्युटर फिरवून इग्निशन चार-पाच अंश मागे घेतलं की खडखड कमी होते, पण मग गाडी ओढत नाही. शेवटी त्याच घाटात इंजिन दोन सिलिंडरवर आलं आणि गाडी टो करावी लागली.

मालकाचं निदान तयार होतं. आधीच्या मिस्त्रीने जाड पॅकिंग (ब्लॉक आणि हेडच्या मधलं गॅस्केट) टाकून कॉम्प्रेशन मारलं, म्हणून गाडी मेली. उपायही तयार होता: "पातयच टाका आप्पा, गाडी पयाले पाहिजे." (पातळच टाका, गाडी पळायला पाहिजे.) आधीच्या मिस्त्रीचा हिशोब बरोबर उलटा होता. हेड दोनदा फेस झालेलं (तळ कापून सपाट केलेलं), म्हणजे कॉम्प्रेशन वाढलेलं, आणि खानदेशातला उन्हाळा, म्हणून त्याने मिळेल ते सर्वात जाड पॅकिंग घातलं. दोघांनी एकच गोष्ट धरली होती: पॅकिंगच्या जाडीने कॉम्प्रेशन कमी-जास्त करायचं. हे इंजिन त्याच समजुतीमुळे फुटलं होतं.

उघडल्यावर काय दिसलं

हेड काढण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट घेतली. थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढलेले, बॅटरी पूर्ण चार्ज. आकडे आले १२.४, ६.०, ६.२, १२.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. शेजारचे दोनच सिलिंडर आणि दोन्ही सारखेच पडलेले असतील, तर रिंगा-व्हॉल्व्हवर संशय घेण्यात वेळ घालवायचा नाही. दोन बोअरमधल्या अरुंद पट्टीवर पॅकिंग फुटलेलं असतं. तसंच निघालं. दोन आणि तीनच्या मध्ये पॅकिंगची बोअरभोवतीची स्टीलची कडी जळून गेली होती, आणि त्या जागी ब्लॉकच्या फेसवर वायूने खोदलेली चर. स्ट्रेट एज ठेवून फीलर घातला तर सर्वात खोल जागी ०.१० चं पातं आत जात होतं.

प्लगांनी आणखी सांगितलं. पोर्सिलिनवर भिंगातून पाहिलं तर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके, आणि त्यात एक-दोन चकाकणारे. चकाकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे पॅकिंग आपण होऊन गेलेलं नव्हतं, नॉकिंगने, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप फुटण्याने, ते मारलं. नुसतं नवीन पॅकिंग घालून गाडी परत दिली असती तर पुढच्या मे महिन्यात हेच पुन्हा झालं असतं.

आता मजेची गोष्ट. इतकं नॉक करणाऱ्या इंजिनचं कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) काढलं तर ते ९.४ भरलं. ९.४ ला, ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर, साधं इंजिन असं मरायला नको.

कॉम्प्रेशन नाही, फट

पिस्टन वरच्या टोकाला आला की त्याचा सपाट कडेचा भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात जी फट उरते ती स्क्विश. फट कमी असेल तर तिथलं मिश्रण शेवटच्या क्षणी जोरात दाबलं जाऊन प्लगकडे ढकललं जातं. घुसळण होते, ज्वाला झपाट्याने पसरते, आणि कडेला जे थोडं मिश्रण उरतं ते दोन थंड धातूंच्या मध्ये चिमटीत असल्याने आपोआप पेटत नाही. फट दीड मिलिमीटरच्या वर गेली की ढकलणं जवळपास थांबतं. मिश्रण कडेला तसंच साचून राहतं, ज्वाला तिथे सर्वात शेवटी पोचते, आणि तोवर ते दाबाने आणि तापाने स्वतःच फुटतं. हीच ती खडखड.

या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या फेसखाली सरासरी ०.३५ मिमी होते आणि जुनं पॅकिंग दबलेल्या अवस्थेत १.६ मिमी. स्क्विश १.९५. आधीच्या मिस्त्रीने नॉकिंग टाळायला जाडी वाढवली आणि जाडीमुळेच नॉकिंग ओढवून घेतलं. कॉम्प्रेशन एका पॉइंटने खाली आणून जे कमावलं ते फट वाढवून गमावलं, वर टॉर्क गेला तो गेलाच.

म्हणून क्रम असा लावला. पॅकिंगने आधी स्क्विश ठरवायची. कॉम्प्रेशन नंतर चेंबरच्या घनफळातून जुळवायचं.

मोजमाप

लायनर चांगले होते. आधीच ०.५० ओव्हरसाइझला बोअर केलेले, म्हणजे ७४.५; टेपर ०.०२ च्या आत. होनिंग करून तेच पिस्टन, नव्या रिंगा. एका सिलिंडरचं विस्थापन: ७.४५ चा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले ७.५५, म्हणजे ३२९.१ सीसी.

पिस्टन फेसखाली किती आहे हे डायल गेजने मोजायचं, पण डायलचं टोक कुठे टेकवता त्यावर आकडा बदलतो. पिस्टन गजन पिनवर (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) डुलतो. थ्रस्टच्या बाजूला, म्हणजे पिनच्या काटकोनात, मोजलं तर एकदा ०.२८ आणि एकदा ०.४२ येईल, आणि दोन्ही खोटे. गजन पिनच्या रेषेत, दोन्ही टोकांना मोजून सरासरी घ्यायची. इथे आले ०.३७, ०.३६, ०.३४, ०.३३. पुढून मागे जाताना आकडा सरळ उतरत जातो, म्हणजे ब्लॉकचा फेस क्रँकच्या रेषेला तंतोतंत समांतर नाही, हे लक्षात ठेवलं.

पिस्टनच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हच्या खाचा मोजायला पिस्टन फेसखाली बरोबर १०.०० मिमी उतरवला, कडेला बोटाने ग्रीस फिरवून रिंगांची फट बंद केली, भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच वर ठेवून ब्युरेटने रॉकेल सोडलं. ७४.५ बोअरला १० मिमीचं घनफळ ४३.६ सीसी. आत गेलं ४६.० सीसी. वरचे २.४ सीसी खाचांचे.

चेंबर त्याच काचेने, व्हॉल्व्ह बसवून आणि जो प्लग वापरायचा तोच प्लग लावून. २७.६, २७.८, २७.७, २८.३. हेड थोडं तिरकं ठेवायचं, म्हणजे हवेचा बुडबुडा भोकाकडे येतो; एक वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी ०.२ सीसीची चूक होते. चौथं चेंबर मोठं का, तर आधी कोणीतरी त्याची सीट खोल कापली होती.

पर्याय

चर घालवायला ब्लॉक फेस करणं भाग होतं. ०.२० काढले की पिस्टन सरासरी ०.१५ खाली राहतात. त्या फटीचं घनफळ ०.६५ सीसी. पॅकिंग मल्टिलेअर स्टीलचं (पातळ पत्र्यांच्या थरांचं) घ्यायचं ठरलं, त्याच्या कडीचा व्यास ७५.५. या व्यासाला जाडीच्या दर ०.१ मिमीमागे ०.४५ सीसी. चारही चेंबर निदान सर्वात मोठ्याच्या बरोबरीला, २८.३ ला आणले असं धरून हिशोब असा उतरला:

०.५ मिमी: स्क्विश ०.६५, रेशो १०.८
०.७ मिमी: स्क्विश ०.८५, रेशो १०.५५
१.० मिमी: स्क्विश १.१५, रेशो १०.२
१.३ मिमी: स्क्विश १.४५, रेशो ९.८५

मालकाचा जीव पहिल्या ओळीवर. ती आधी निकालात काढली. ७००० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाच्या अडीच हजार पटींहून जास्त प्रवेग असतो. ४०० ग्रॅमचा पिस्टन-पिन-रिंगांचा संच त्या क्षणी एक टनाहून जास्त ओढीने हेडकडे झेपावतो. कनेक्टिंग रॉड ताणला जातो, बुशातली ऑइलची फट एका बाजूला भरून निघते, पिस्टन डुलतो, आणि गरम इंजिनात पिस्टन फुगलेला असतो. थंड इंजिनात मोजलेले ०.६५ चालू इंजिनात बरेच कमी राहतात. वर हळूहळू साचणारा कार्बन. मग पिस्टन हेडला टेकतो. ती टकटक नॉकिंगसारखीच ऐकू येते, आणि माणूस इग्निशन मागे घेत बसतो. स्टीलचा रॉड, अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, सात हजारांची मर्यादा असं असेल तर ०.८ च्या खाली जाऊ नये.

१.३ ची ओळ म्हणजे जुन्याच चुकीची धाकटी बहीण.

उरले ०.७ आणि १.०. इथे खरं तर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. १.० टाका, चेंबर सारखे करा, १०.२ रेशो, १.१५ स्क्विश, काम कमी, धोका कमी. ज्याला चेंबरला हत्यार लावायचं नाही, किंवा लावणारा हात भरवशाचा नाही, त्याने हेच करावं, अजिबात वाईट नाही. पण या हेडची सीट कटिंग आणि व्हॉल्व्हचं काम निघणारच होतं, आणि व्हॉल्व्हच्या कडेला चेंबरची भिंत इतकी जवळ होती की इनटेकचा श्वास कोंडत होता. तिथली भिंत मागे सारली तर हवा जास्त येणार आणि घनफळही वाढणार. म्हणून ०.७ घेतलं आणि १०.५५ वरून १०.२ वर उतरायचं काम चेंबरवर सोपवलं. १०.२ साठी एकूण घनफळ ३५.८ लागतं, त्यातून पॅकिंगचे ३.१३, फेसखालचे ०.६५ आणि खाचांचे २.४ वजा केले की चेंबर २९.६.

१०.२ च का, १०.५ का नाही? ई२० चं ऑक्टेन ९५ च्या आसपास आहे आणि इथेनॉल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे १०.५ पुण्याला किंवा नाशिकला कदाचित चालून जाईल. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात बॉनेटखालची हवा ६० च्या वर जाते, आणि ही गाडी पळते ती घाटात, कमी आरपीएमवर, पूर्ण थ्रॉटलवर. शिवाय कॅम कंपनीचाच आहे. मोठ्या कॅमच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, काही मिश्रण परत जातं, म्हणून लोक ११ चा रेशो चालवू शकतात. त्यांचा आकडा ऐकून तो कंपनीच्या कॅमवर लावायचा नाही.

मशिनिंग

पॅकिंग आधी हातात घ्यायचं, मग हेड कापायचं. पॅकिंग हेडवर डॉवेलवर बसवून मार्किंगच्या निळ्या शाईवर कडीची आतली रेघ सुईने ओढली, आणि ग्राइंडिंग त्या रेघेच्या अर्धा मिलिमीटर आत थांबवलं. कडी चेंबरमध्ये लोंबली तर तिचा काठ लालबुंद होतो आणि प्लगच्या आधी तोच मिश्रण पेटवतो. कापायचं ते फक्त व्हॉल्व्हच्या बाजूच्या भिंती. स्क्विशच्या सपाट पट्ट्यांना स्पर्श नाही. घनफळ वाढवायचा तो सर्वात सोपा मार्ग दिसतो आणि त्या पट्ट्या खरवडल्या की एवढा सगळा खटाटोप वाया. एक, दोन आणि तीनमधून १.८ ते २.० सीसी, चौथ्यातून १.३. दोन सीसी म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. ऐकायला चिमूटभर, पण दर अर्ध्या सीसीला थांबून परत रॉकेल भरून मोजावं लागतं, कारण काढलेलं परत लावता येत नाही. शेवटी चारही २९.५ ते २९.६. तीक्ष्ण कडा एमरीने गोल केल्या.

ब्लॉक आणि हेडचं फेसिंग एमआयडीसीतल्या शॉपमध्ये. इथे सांगायचं काय, हे महत्त्वाचं. "फेस मारून द्या" म्हटलं की साध्या पॅकिंगला चालेल असा फेस मिळतो. साधं पॅकिंग मऊ असतं, खरबरीत फेसमध्ये रुतून बसतं. स्टीलचं पॅकिंग रुतत नाही. त्याच्या थरांवरचा रबराचा लेप काही मायक्रॉनचाच असतो. फेसचा सरासरी खरबरीतपणा (आरए) ०.८ मायक्रॉनच्या आसपास हवा. नखाने आडवं ओढलं आणि नख अडखळलं तर फेस परत करायचा. सपाटी संपूर्ण लांबीवर ०.०५ च्या आत. या ब्लॉकमध्ये आणखी एक खोड असते: लायनर बिडाचा, भोवती अ‍ॅल्युमिनियम. कटर बोथट असेल तर मऊ अ‍ॅल्युमिनियम जास्त कापलं जातं आणि लायनर केसभर वर उभा राहतो. बोटाला ती पायरी कळते. ती राहिली की कडीवर दाब आणि पाण्याच्या भोकांवर ढिलाई.

फेस क्रँकच्या रेषेला समांतर करून घ्यायचा का? पुढून मागे ०.०४ चा फरक होता. त्याचा परिणाम ०.१७ सीसी, रेशोमध्ये ०.०५ सुद्धा नाही. त्यासाठी मेन बोअरवरून पकड बांधायची खटपट केली नाही. फरक ०.१० असता तर केली असती.

खोटी जुळणी

खरं पॅकिंग घालण्याआधी सगळं एकदा खोटं जुळवलं. पिस्टनच्या डोक्यावर, गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना, दीड मिलिमीटरच्या सोल्डर तारेचे सेंटिमीटरभर तुकडे ग्रीसने चिकटवले, ज्ञात जाडीचं जुनं स्टीलचं पॅकिंग घालून हेड पूर्ण टॉर्कवर कसलं, क्रँक हाताने एक फेरा फिरवला आणि चपटे झालेले तुकडे मायक्रोमीटरने मोजले. ०.८८, ०.८६, ०.८५, ०.८४. कागदावरचा हिशोब आणि सोल्डर यांत ०.०३ पेक्षा जास्त फरक पडला असता तर थांबून चूक शोधायला हवी होती. तार जाड घेऊ नये. तीन मिलिमीटरची तार दाबताना पिस्टन डुलवते आणि आकडा फसवा येतो.

व्हॉल्व्ह पिस्टनला किती जवळ येतो ते पोरांच्या खेळण्यातल्या मातीने पाहिलं. मातीवर तेलाचा हात, दोन पूर्ण फेरे, हेड काढून माती ब्लेडने कापली आणि सर्वात पातळ जागा मोजली. इनटेकला २.३, एक्झॉस्टला २.६. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोनच्या खाली जायचं नाही, म्हणजे इथे मोकळं होतं. ही सर्वात जवळची जागा पिस्टन बरोबर वर असताना नसते, दहा-पंधरा अंश मागे-पुढे असते, म्हणून टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, फीलर घालून पाहणं निरुपयोगी.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक जण बघत नाहीत ती. हेड खाली बसलं की कॅम मागे पडतो. बेल्टची ताणलेली बाजू तेवढ्याच दातांची राहते पण अंतर कमी होतं. कॅम पुलीचा घेर ३०० मिमी धरला तर हेड १ मिमी खाली आल्यावर कॅम १.२ अंश मागे, क्रँकच्या हिशोबात २.४. पॅकिंग बदलून आणि ब्लॉकच्या फेसिंगने मिळून हे हेड १.१ मिमी खाली आलं होतं. बेल्ट एक दात सरकवून हे भरून येत नाही. ३८-४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे नऊ-साडेनऊ अंश. कॅम पुलीला लांबट भोकं करून अंश जुळवले आणि डायलवर पडताळले. टेन्शनरला पुरेसा वाव उरला आहे का हेही तेव्हाच बघायचं, कारण दोन मिलिमीटरभर बेल्ट जास्तीचा झालेला असतो.

याच इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो, म्हणजे कॅम मागे पडला की इग्निशनही तेवढंच मागे. पातळ पॅकिंग टाकल्यावर नॉकिंग गेलं असं सांगणाऱ्यांपैकी काहींचं नॉकिंग पॅकिंगमुळे गेलेलं नसतं. नकळत इग्निशन दोन-तीन अंश मागे गेल्यामुळे गेलेलं असतं. टायमिंग लाइट लावल्याशिवाय निकाल जाहीर करू नये.

खरी जुळणी

बोल्ट नवे. ब्लॉकमधली बोल्टची भोकं आंधळी असतात, तळाशी ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो. प्रत्येक भोकात हवेचा झोत, मग कापूस गुंडाळलेली काडी, ती कोरडी येईपर्यंत. आट्यांना आणि वॉशरखाली ऑइलचा हलका हात. कोरड्या बोल्टवर टॉर्क पाना अर्धं खोटं बोलतो. मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या आकड्याला.

पॅकिंगवर काहीही फासायचं नाही. शेलॅक नाही, लाल पेस्ट नाही, काळी नाही. गॅरेजमधली ही जुनी सवय साध्या पॅकिंगच्या काळातली. स्टीलच्या पॅकिंगच्या उठावांमध्ये पेस्ट साचली की ते पूर्ण दबत नाहीत आणि जाडी चुकते. पाण्याची भोकंही मोठी करायची नाहीत. पॅकिंगची काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान दिसतात, ती चूक नसते. पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत जावं म्हणून पुढे वाट अरुंद ठेवलेली असते.

पाण्याच्या वाटांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साचला होता, दोन आणि तीनच्या मागे सर्वात जाड. खानदेशात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं ही सवयच आहे. तो थर ब्लॉक धुताना काढला आणि आता डीमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. पंख्याचा थर्मोस्विच बदलला.

चालवून पाहिल्यावर

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं १४ ते १४.४. इग्निशन कंपनीच्या आकड्याला परत आणलं. घाटात नेण्याआधी लोडवरचं मिश्रण वाइडबँड मीटरने पाहिलं आणि इथे एक जुनं दुखणं बाहेर आलं: पूर्ण थ्रॉटलवर लँब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे इंधन जास्त) ०.९७, म्हणजे लोडसाठी फार पातळ. पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला आणि पंपाचा दाब कमी. ई२० ला हवेचं प्रमाण १३.५ ला एक लागतं, साध्या पेट्रोलच्या १४.७ च्या मानाने इंधन जास्त द्यावं लागतं. जुन्या गाडीत पंप दमलेला असेल तर लोडवर तूट पडते. फिल्टर, पंप बदलून लँब्डा ०.८७ वर आला.

त्यामुळे नॉकिंग गेल्याचं सगळं श्रेय पॅकिंगला देणं खोटं ठरेल. पातळ मिश्रण, पाण्याचा थर, चेंबरच्या तीक्ष्ण कडा, सगळ्यांचा वाटा होता. मात्र ९.४ ला खडखडणारं इंजिन १०.२ ला, इग्निशन तीन-चार अंश पुढे असताना, शांत चालतं, यात फट १.९५ वरून ०.८५ वर आल्याचा वाटा मोठाच आहे.

ऐकायची युक्ती स्वस्तातली. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकच्या बोल्टखाली दाबलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती कारखान्यात वापरतात तसल्या कानाच्या मफला जोडून शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या कानावर. कानाने उघडं ऐकू येण्याआधी नॉकिंग या नळीत वाळूचे खडे पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं. कन्नड घाट, ४१ अंश, तिसरा गिअर, दोन माणसं. पहिल्या चढणीत ३४०० ला दोन-चार खडे पडले. डिस्ट्रिब्युटर एक अंश मागे. दुसऱ्या चढणीत शांत. तो एक अंश तसाच ठेवला. हिवाळ्यात मालक तो पुढे ढकलेल अशी शंका आहे, ढकलला तरी मार्चमध्ये परत आणायला सांगितलं आहे.

१००० किलोमीटरला प्लग काढले. पोर्सिलिन फिकट तपकिरी, भिंगाखाली ठिपके नाहीत. बोल्ट परत कसले नाहीत, स्टीलच्या पॅकिंगला ते लागत नाही. साधं पॅकिंग असतं तर पहिल्या गरम-थंड फेरीनंतर कसावे लागले असते. कूलंटची पातळी जागेवर, रेडिएटरच्या टोपीत तेलाचा तवंग नाही.

मालकाने परत विचारलं, ०.५ चं पॅकिंग पुढच्या वेळी टाकता येईल का. येईल, पण मग पिस्टन ब्लॉकखाली ०.३५ ठेवावे लागतील आणि ब्लॉक तर आता कापलेला आहे. हा ब्लॉक आणखी एकदा फेस झाला तर गरज उलटी पडेल: पिस्टन फेसच्या बरोबरीला येतील आणि स्क्विश राखायला ०.९ ते १.० चं पॅकिंग लागेल. म्हणून टायमिंग कव्हरच्या आत मार्करने लिहून ठेवलं आहे: बोअर ७४.५, पिस्टन ०.१५ खाली, चेंबर २९.६, पॅकिंग ०.७, स्क्विश ०.८५.